थेंबाला विचारलेले शंभर प्रश्न

सूक्ष्म मण्यांवर आधारलेली फ्लो सायटोमेट्री म्हणजे रक्ताच्या एकाच थेंबाला एका वेळी अनेक प्रश्न विचारण्याची पद्धत. प्रयोगशाळेत या मण्यांना ‘बीड्स’ म्हणतात. ते पॉलिस्टायरीनचे असतात. थर्माकोल ज्या प्लॅस्टिकचा बनतो तेच हे प्लॅस्टिक. सर्वाधिक वापरातल्या मण्यांचा व्यास साडेपाच ते साडेसहा मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या तांबड्या रक्तपेशीपेक्षा किंचित कमी. मण्याच्या पोटात रंग भरलेला असतो आणि अंगावर एखादे प्रथिन किंवा डीएनएचा लहानसा धागा चिकटवलेला असतो. पोटातल्या रंगावरून मणी कोणत्या प्रश्नाचा आहे हे कळते. अंगावर नंतर चढणाऱ्या दुसऱ्या एका रंगावरून उत्तर काय आले ते कळते. ओळख आणि उत्तर ही दोन कामे अशी दोन वेगळ्या प्रकाशांकडे सोपवणे, ही या पद्धतीची मूळ युक्ती. तिच्यातले बाकी सारे या युक्तीतूनच निघाले आहे.

नेहमीच्या तपासणीत प्रश्नाची ओळख जागेवरून पटते. स्वीडनमध्ये १९७१ साली एन्ग्वाल आणि पर्लमन यांनी मांडलेली एलायझा चाचणी आज जगभर ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये केली जाते. तिथे एका खळग्यात एकच प्रश्न विचारता येतो. दहा प्रथिने मोजायची असतील तर दहा खळगे, दहा वेळा सीरम, दहा वेळा धुणे. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे निभावते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या रक्ताचे, अश्रूंचे किंवा सांध्यातून काढलेल्या द्रवाचे प्रमाण मात्र इतके थोडे असते की तिसऱ्या प्रश्नालाच नमुना संपतो. मण्यांच्या पद्धतीत पत्ता जागेला नसून मण्यालाच असतो. मुंबईचा जेवणाचा डबा कोणत्याही लोकलमध्ये चढवला, कोणत्याही ढिगात ठेवला, तरी झाकणावरच्या रंगीत खुणेवरून तो कुठे जायचा हे कळते. आत भाजी कोणती आहे याच्याशी त्या खुणेचा संबंध नसतो. मण्यांचेही तसेच. शंभर प्रकारचे मणी एकाच खळग्यात मिसळून टाकले तरी बिघडत नाही, कारण वाचताना प्रत्येक जण आपली खूण घेऊनच पुढे येतो.

वैद्यकात असे मणी पहिल्यांदा आले ते मोजणीसाठी नव्हे, गुठळ्या पाडण्यासाठी. न्यूयॉर्कमध्ये जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ यांनी १९५६ साली लॅटेक्सच्या बारीक कणांवर मानवी गॅमा ग्लोब्युलिन बसवले आणि त्यांत संधिवाताच्या रुग्णाचे सीरम मिसळले. सीरममधल्या ऱ्हूमॅटॉइड फॅक्टरने कण एकमेकांना बांधले आणि दुधासारख्या पाण्यात नुसत्या डोळ्यांना दिसतील अशा गाठी झाल्या. तालुक्याच्या गावातल्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये काळ्या पट्टीवर थेंब फिरवून होणारी ‘आरए’ची तपासणी याच कुळातली आहे. तिला मणी सारख्या आकाराचे असण्याची गरज नव्हती. मोजणीला मात्र ती अट पहिली. मणी लहानमोठे असले तर मोठ्यावर जास्त प्रथिन बसते, तो जास्त चमकतो, आणि चमक उत्तराची आहे की आकाराची हे सांगता येत नाही.

एकसारखे मणी बनवणे फार अवघड होते. एकदोन मायक्रॉनपर्यंतचे कण नीट बनत. त्यापुढे वाढवू गेले की काही तरंगत, काही तळाशी बसत, काही एकमेकांना चिकटत. गुरुत्वाकर्षणच नसेल तर हे टळेल, असा विचार अमेरिकेतल्या लीहाय विद्यापीठाच्या जॉन व्हँडरहॉफ यांनी केला, आणि नासाने १९८२ पासून स्पेस शटलवर पॉलिस्टायरीनचे मणी वाढवण्याचे यंत्र पाठवले. तिथे तयार झालेले १० मायक्रॉनचे मणी १९८५ मध्ये अमेरिकेच्या मापन संस्थेने प्रमाण म्हणून विक्रीस ठेवले. अंतराळात बनून विकली गेलेली ती पहिली वस्तू. पण त्याआधीच, १९७६ च्या सुमारास, नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम येथे जॉन उगेलस्टाड यांनी जमिनीवरच हे साधले होते. साबुदाणा बेताच्या पाण्यात मुरवला की दाणा न् दाणा सारखा फुगतो. उगेलस्टाड यांनी प्लॅस्टिकच्या अतिसूक्ष्म बियांना आधी एक तेलकट रसायन पाजले, मग कच्चा स्टायरीन शोषू दिला आणि तो आतल्या आत घट्ट केला. मणी सारखेच निघाले. पुढे त्यांच्या पोटात लोहाची संयुगे भरून चुंबकाने ओढता येणारे मणी झाले आणि धुण्याचे काम सोपे झाले. या पद्धतीच्या इतिहासात यंत्र बनवणाऱ्यांची नावे जास्त घेतली जातात. रसायन सांभाळणाऱ्या या माणसाचे नाव त्यांच्या बरोबरीने घ्यायला हवे.

यंत्राची बाजू पेशींसाठी तयार झाली होती. वॉलेस कोल्टर यांना १९५३ मध्ये अमेरिकन पेटंट मिळाले ते बारीक छिद्रातून जाणाऱ्या रक्तपेशी विजेच्या प्रवाहातल्या खंडावरून मोजण्याचे. त्याच वर्षी लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयातल्या क्रॉसलंड-टेलर यांनी दुसरी अडचण सोडवली. पेशी छिद्राला घासतात, तुंबतात, दोन-दोन एकदम जातात; म्हणून त्यांनी नमुन्याची बारीक धार भोवतालच्या वेगवान स्वच्छ पाण्याच्या वेढ्यात सोडली. बाहेरचे पाणी आतली धार आवळते आणि कण एकामागून एक रांगेत येतात. आजही बहुतेक फ्लो सायटोमीटरच्या गाभ्यात हाच वेढा असतो. १९६५ मध्ये लॉस अलामोस प्रयोगशाळेत मॅक फुलवायलर यांनी स्टॅनफर्डच्या रिचर्ड स्वीट यांचे शाईचे थेंब विजेने वळवण्याचे तंत्र उचलले आणि थेंबांतून पेशी वेगळ्या करणारे यंत्र केले. त्यांना सोडवायचे कोडे लहान होते: कोल्टरच्या यंत्रात तांबड्या पेशी दोन आकारांच्या का दिसतात? पेशी वेगळ्या करून पुन्हा मोजल्या तेव्हा दोन्ही गट सारखेच निघाले. फरक पेशींत नव्हता, त्या छिद्रातून आडव्या जातात की उभ्या यात होता. यंत्राने दाखवलेला आकडा आणि शरीरातले सत्य यांतले हे अंतर पुढे मण्यांच्या तपासण्यांतही येते. नंतर म्युन्स्टरचे वोल्फगांग ग्योडे आणि स्टॅनफर्डचे लिओनार्ड हर्झेनबर्ग यांनी चमकणारे रंग या यंत्रांत आणले.

पेशीच्या जागी मणी घालावा, हे फुलवायलर यांनाच १९७० च्या दशकात सुचले. वेगवेगळ्या आकारांचे मणी घ्यायचे, प्रत्येकावर वेगळे प्रतिजन बसवायचे आणि यंत्राने आकारावरून प्रश्न ओळखायचा. १९८८ मध्ये टी. एम. मॅकह्यू आणि सहकाऱ्यांनी याच रीतीने सायटोमेगॅलोव्हायरस आणि हर्पिस सिम्प्लेक्स या दोन विषाणूंविरुद्धची प्रतिपिंडे एकदम मोजून दाखवली. आकारांची संख्या मात्र चार-पाचाच्या पुढे जाईना. रंगाने ती कोंडी फोडली. टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या ल्युमिनेक्स कंपनीने १९९७ मध्ये ६४ रंगछटांचे मणी जाहीर केले आणि लवकरच ते १०० झाले.

रंग भरण्याची कृती घरच्या रंगाऱ्यालाही समजेल अशी आहे. सेंद्रिय द्रावकात मणी किंचित फुगतो आणि त्यात विरघळलेले रंग आत शिरतात. पाण्यात परत आणला की मणी आकसतो आणि रंग आत कोंडला जातो. दोन रंग घेतले, एक तांबडा आणि एक त्याहून लांब तरंगलांबीचा. प्रत्येकाच्या दहा पायऱ्या ठेवल्या की दहा गुणिले दहा, शंभर जोड्या होतात. यंत्राच्या पडद्यावर हे मणी रांगोळीच्या ठिपक्यांसारखे दहा ओळींत दिसतात. तिसरा रंग आल्यावर ही संख्या ५०० वर गेली.

मण्याच्या अंगावर कार्बोक्सिल गट असतात. कार्बोडायइमाइड या रसायनाच्या मध्यस्थीने त्यांना प्रथिनाचे किंवा डीएनएचे अमाइन टोक पक्के जोडले जाते. समजा, सीरममधले इंटरल्युकिन-६ मोजायचे आहे. ते पकडणारे प्रतिपिंड एका रंगाच्या मण्यांवर बसवले जाते. सीरम मिसळून थोडा वेळ हलवत ठेवले की इंटरल्युकिन मण्याला चिकटते. मग बायोटिन लावलेले दुसरे प्रतिपिंड येते आणि पकडलेल्या रेणूची दुसरी बाजू धरते. शेवटी येते स्ट्रेप्टाव्हिडिनला जोडलेले फायकोएरिथ्रिन. हे प्रथिन समुद्रातल्या तांबड्या शेवाळांचे. खोल पाण्यात पोचणारा अंधुक प्रकाश गोळा करणे हे त्याचे मूळ काम, म्हणूनच ते इतके तेजस्वी चमकते. मणी यंत्रात शिरतो तेव्हा ६३५ नॅनोमीटरचा तांबडा लेझर त्याच्या पोटातले रंग वाचतो आणि ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेझर अंगावरचे फायकोएरिथ्रिन मोजतो. एका रंगाचा एकच मणी वाचून यंत्र थांबत नाही. साधारण पन्नास ते शंभर वाचते आणि त्यांच्या चमकेचा मध्यक घेते. सरासरीऐवजी मध्यक घेण्याचे कारण साधे आहे. एखाददुसऱ्या मण्याला धूळ किंवा गुठळी चिकटली तर सरासरी वर चढते, मध्यक जागचा हलत नाही. एका प्लेटवर ९६ नमुने आणि प्रत्येकात शंभर प्रश्न धरले तर एका फेरीत ९,६०० उत्तरे निघतात, आणि त्यांतले प्रत्येक उत्तर पन्नासाहून अधिक वेळा वाचून पक्के केलेले असते. जैविक तपासणीत इतकी पुनरावृत्ती सहसा परवडत नाही. इथे ती पद्धतीतच आहे.

या क्षमतेचा सुरुवातीचा एक उपयोग प्रतिकारयंत्रणेचे निरोप मोजण्यासाठी झाला. इंटरल्युकिने, टीएनएफ, इंटरफेरॉन हे रेणू एकेकटे बोलत नाहीत. कोणता वाढला आणि त्याच वेळी कोणता उतरला यात अर्थ असतो. कोविडच्या साथीत ‘सायटोकाइन स्टॉर्म’ हा शब्द मराठी घरांत पोचला, त्याच्या मागे अशाच मोजण्या होत्या. ल्युपससारख्या आजारांत शरीर स्वतःच्याच पेशीकेंद्राविरुद्ध अनेक प्रकारची प्रतिपिंडे बनवते. तीही मण्यांवर एकत्र पाहता येतात. सार्वजनिक आरोग्यातला उपयोग याहून मोलाचा म्हणावा लागेल. कंबोडियात १५ ते ३९ वयाच्या स्त्रियांचे देशव्यापी सर्वेक्षण २०१२ मध्ये झाले. धनुर्वाताविरुद्ध संरक्षण आहे की नाही हे पाहण्यासाठी गोळा केलेल्या त्याच रक्तात मलेरिया, हत्तीरोग, जंत आणि डुकराच्या मांसातून येणारा फीतकृमी यांच्या खुणा अमेरिकेच्या सीडीसी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी मण्यांवर तपासल्या. सर्वेक्षणात खरा खर्च होतो तो खेडोपाडी जाऊन सुई टोचण्याचा. एकदा टोचलेल्या सुईतून अनेक रोगांची माहिती निघत असेल तर गरीब देशाच्या आरोग्य खात्याला याहून मोठी मदत नाही.

तरीही या मण्यांनी रुग्णाच्या जगण्यामरण्याचा निर्णय सर्वाधिक बदलला तो अवयव प्रत्यारोपणात. बहुतेक पेशींच्या अंगावर एचएलए नावाची प्रथिने असतात. फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये त्यांतले पहिले ओळखले. त्याबद्दल त्यांना १९८० चे नोबेल वाटून मिळाले. माणसामाणसांत या प्रथिनांचे हजारो प्रकार आढळतात. स्वतःकडे नसलेल्या प्रकाराशी शरीराची गाठ तीन वाटांनी पडते: रक्त चढवल्याने, आधीच्या प्रत्यारोपणाने आणि गरोदरपणात. मग त्या प्रकाराविरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि कित्येक वर्षे टिकतात. अशा रुग्णाला नेमका तोच प्रकार असलेले मूत्रपिंड बसवले तर टाके घालण्याआधीच ते काळेनिळे पडू शकते.

हा धोका आकड्यांत मांडला पॉल तेरासाकी यांनी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जपानी वंशाच्या नागरिकांना छावण्यांत ठेवले. तेरासाकी यांची बालपणीची काही वर्षे ॲरिझोनातल्या अशाच छावणीत गेली. पुढे लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्यांनी १९६४ मध्ये सीरमच्या एका मायक्रोलिटरवर भागणारी चाचणी बसवली. तीत दात्याच्या लिम्फोसाइट पेशी रुग्णाच्या सीरममध्ये ठेवून त्या मरतात का ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी प्रसिद्ध केलेल्या नोंदी आजही प्रत्यारोपणाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवल्या जातात: चाचणी सकारात्मक असताना बसवलेल्या ३० मूत्रपिंडांपैकी २४ लगेच निकामी झाली, नकारात्मक असलेल्या १९५ पैकी फक्त ८. पण पेशी मेली एवढ्यावरून तिच्या अंगावरच्या अनेक एचएलए प्रथिनांपैकी कोणत्याविरुद्ध प्रतिपिंड आहे ते कळत नव्हते, आणि थोडी प्रतिपिंडे असली तर पेशी जिवंतच राहत.

मण्यांनी नेमका हाच गुंता सोडवला. २००३ च्या सुमारास प्रत्येक मण्यावर एकाच प्रकारचे, प्रयोगशाळेत पेशींकडून बनवून घेतलेले एचएलए प्रथिन बसवलेले संच आले. एचएलएच्या दोन वर्गांपैकी पहिल्याच्या संचात शंभराच्या आसपास मणी, दुसऱ्याच्या संचातही जवळपास तेवढेच. रुग्णाचे थोडेसे सीरम त्यांत मिसळले की कोणत्या प्रकारांविरुद्ध प्रतिपिंडे आहेत याची यादी मिळते. दाता समोर असायची गरज उरत नाही. रुग्णाच्या नावापुढे वर्ज्य प्रकार आधीच लिहून ठेवता येतात आणि मेंदूमृत दात्याचे एचएलए कळताच कोणाला बोलवायचे आणि कोणाला विनाकारण मध्यरात्री धावडवायचे नाही, हे ठरवता येते.

भारतात याला आणखी एक पदर आहे. इथे बहुतेक मूत्रपिंडे जिवंत नातेवाइकांकडून येतात, आणि १९९४ च्या कायद्याने पती-पत्नीही जवळचे नातेवाईक ठरतात. पत्नीने पतीला मूत्रपिंड दिले तर गरोदरपणाचा प्रश्न येत नाही. पतीने पत्नीला द्यायचे म्हटले की येतो. प्रत्येक गरोदरपणात तिच्या शरीराने नऊ महिने पतीच्या अर्ध्या एचएलएशी गाठ घेतलेली असते. त्याविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे वीस वर्षांनीही रक्तात असू शकतात. मुलाने किंवा मुलीने आईला द्यायचे ठरवले तरी हीच अडचण. रक्ताची कमतरता भरून काढण्यासाठी डायलिसिसवर पुनःपुन्हा रक्त चढवलेल्या रुग्णांची यादी तर कधी इतकी लांबते की जुळणारा माणूस मिळणेच कठीण होते. घरात देणारा तयार असूनही जुळत नसेल तर दोन कुटुंबांनी दात्यांची अदलाबदल करण्याला २०११ च्या दुरुस्तीने मान्यता दिली. कोणत्या दोन कुटुंबांची गाठ बसेल हे शोधताना रक्तगटाबरोबर मण्यांवरून निघालेली ही यादीच हाताशी असते. महाराष्ट्रात मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील विभागीय समन्वय केंद्रांतून होणाऱ्या मेंदूमृत दात्यांच्या अवयववाटपातही शस्त्रक्रियेआधीची जुळणी तपासावी लागतेच.

मण्याने दिलेला आकडा कसा वाचायचा, हा या क्षेत्रातला सर्वात अवघड भाग आहे. अहवालात ‘एमएफआय’ म्हणून ५,००० किंवा १२,००० असे लिहिलेले असते आणि रुग्णाचे नातेवाईक ते साखरेच्या आकड्यासारखे वाचतात. ते प्रतिपिंडाचे प्रमाण नव्हे; ती मण्यांच्या चमकेची तीव्रता आहे. प्रतिपिंडे खूपच जास्त असतील तर शरीरातले काँप्लिमेंट नावाचे प्रथिन मण्यावर दाटी करते, चमक घेऊन येणारे दुसरे प्रतिपिंड पोचू शकत नाही आणि आकडा खोटा कमी येतो. सीरम पातळ केले किंवा त्यात ईडीटीए घातले की तोच आकडा उसळतो. उलट, मण्यावर चढवताना एचएलए प्रथिन मोडले असेल तर शरीरात कुठेच नसलेल्या मोडक्या रूपाविरुद्धची प्रतिपिंडे चिकटतात आणि निर्दोष दाता वर्ज्य ठरतो. तिसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. एखादे प्रतिपिंड अनेक एचएलए प्रकारांत समान असलेल्या तुकड्याविरुद्ध असेल, तर ते तितक्या सगळ्या मण्यांवर वाटले जाते. प्रत्येक मण्यावर थोडे दिसते, प्रत्यक्ष मूत्रपिंडावर मात्र सारे एकत्र पडते. म्हणून किती एमएफआयला धोका मानायचा याची सर्व प्रयोगशाळांना लागू पडेल अशी एक रेषा नाही. रुग्णाला किती बाळंतपणे झाली, किती वेळा रक्त चढवले, हे विचारल्याशिवाय अहवालावर सही करणे म्हणजे अर्धाच अहवाल देणे. आणि शेवटी दात्याच्या खऱ्या पेशींवरची जुळणी करावीच लागते.

जनुकांच्या तपासणीत मण्याच्या अंगावर प्रथिनाऐवजी डीएनएचा धागा बसतो. डीएनएचे दोन धागे एकमेकांना पूरक असले तरच जुळतात, त्यामुळे प्रश्न विचारणे आणखी सोपे व्हायला हवे. प्रत्यक्षात एक अडचण आली. प्रत्येक जनुकाचा धागा वेगळ्या तापमानाला जुळतो. शंभर धाग्यांना एकच तापमान मानवत नाही. टोरांटोच्या टीएम बायोसायन्स कंपनीने यावर वाट काढली. त्यांनी मण्यांवर जनुकाचा तुकडा न बसवता २४ अक्षरांचे कृत्रिम पत्ते बसवले. हे पत्ते असे निवडलेले की ते सारे ३७ अंश सेल्सियसला आपापल्या जोडीदाराशी जुळतात आणि दुसऱ्या कोणाशीही नाही. जनुकाची परीक्षा आधी द्रावणातच होते. रुग्णाचा डीएनए पीसीआरने वाढवला जातो आणि त्यावर असा धागा बसवला जातो, ज्याचे शेवटचे अक्षर नेमके तपासायच्या जागी येते. ते जुळले तरच विकर धागा पुढे वाढवते आणि त्यात बायोटिन विणते. जुळले नाही तर धागा तसाच राहतो. धाग्याच्या दुसऱ्या टोकाला पत्ता असतो, त्यावरून तो आपल्या मण्याकडे जातो. मणी बदलावे लागत नाहीत. तपासणी नवी असली तर फक्त धागे नवे करायचे.

याच रीतीने बनलेल्या सिस्टिक फायब्रोसिसच्या चाचणीला अमेरिकेच्या एफडीएने २००५ मध्ये परवानगी दिली. सीएफटीआर या जनुकातली अनेक उत्परिवर्तने ती एकाच वेळी वाचते. युरोपीय वंशात त्यांतले एकच उत्परिवर्तन, ५०८ व्या जागचे फिनाइलअलानिन गळणे, रुग्णांच्या बहुसंख्य जनुकांत आढळते. भारतीय रुग्णांत त्याचा वाटा बराच कमी आहे. तिकडे पुरेसा ठरलेला संच इथे तसाच वापरला आणि ‘काही सापडले नाही’ म्हटले, तर आजारी मूल निरोगी ठरवले जाण्याचा धोका राहतो. संचात कोणते प्रश्न घालायचे हे त्या लोकसंख्येचा अभ्यास केल्याशिवाय ठरवताच येत नाही. टीएम बायोसायन्सने विकसित केलेली, बारा श्वसनविषाणू एकदम ओळखणारी चाचणी जानेवारी २००८ मध्ये मान्य झाली. पुढच्या वर्षी नव्या एच१एन१ फ्लूची साथ आली तेव्हा या मण्यांवर काही नमुने ‘इन्फ्लुएंझा ए’ म्हणून उजळत, पण माहितीतल्या एच१ आणि एच३ या दोन्ही उपप्रकारांचे मणी काळेच राहत. नवा विषाणू आल्याची ती खूण होती. एकेकटा प्रश्न विचारणाऱ्या चाचणीत ती दिसली नसती.

कर्करोगाच्या संशोधनातही मण्यांनी मोठी भर घातली. २००५ मध्ये बोस्टनजवळच्या ब्रॉड इन्स्टिट्यूटमधल्या टॉड गोलब यांच्या गटाने २१७ सूक्ष्म आरएनए ३३४ नमुन्यांत मोजले आणि ट्यूमर कोणत्या अवयवातून निघाला हे नुसत्या त्या नक्षीवरून बऱ्याच अंशी ओळखता येते असे दाखवले. त्याच संस्थेने पुढे एल१००० नावाची पद्धत बसवली. मोजायची जनुके ९७८, रंग मात्र ५०० च. म्हणून एकेका रंगावर दोन जनुके बसवली, एकाचे मणी दुसऱ्याच्या दुप्पट घेतले. वाचल्यावर दोन शिखरे दिसतात, मोठे पहिल्याचे, लहान दुसऱ्याचे. रंगांची टंचाई संख्याशास्त्राने भरून काढण्याचा हा उपाय फार देखणा आहे. २०१७ पर्यंत या पद्धतीने तेरा लाखांहून अधिक नोंदी जमा झाल्या.

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात बर्ट व्होगेलस्टाइन आणि केनेथ किन्झलर यांच्या गटाने २००३ मध्ये मण्याला वेगळेच काम दिले. या पद्धतीचे नाव बीमिंग. तेलात पाण्याचे कोट्यवधी बारीक थेंब करायचे, एकेका थेंबात एक मणी आणि डीएनएचा फार तर एक रेणू राहील असे पाहायचे आणि तिथेच पीसीआर चालवायचा. प्रत्येक मण्यावर त्या एकाच रेणूच्या हजारो नकला चढतात. मग निरोगी आणि बिघडलेल्या धाग्यांना दोन वेगळे रंग लावून मणी फ्लो सायटोमीटरमधून सोडायचे आणि दोन्ही रंगांचे मणी मोजायचे. दहा हजार निरोगी रेणूंत एक बिघडलेला असला तरी तो सापडतो. आतड्याच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तात ट्यूमरमधून गळलेला डीएनए असा मोजता आला, आणि सुईने गाठ न टोचता नुसत्या रक्तातून तिच्यावर नजर ठेवण्याच्या आजच्या प्रयत्नांना त्यातून पाया मिळाला.

अशा अनेक कामांत मण्यांची जागा आता डीएनए थेट वाचणाऱ्या यंत्रांनी घेतली आहे. एचएलएचा प्रकार ठरवण्यासाठीही मण्यांवरचे धागे बरीच वर्षे वापरले गेले. आता मोठ्या प्रयोगशाळा पूर्ण जनुकच वाचतात, कारण संचात नसलेला प्रकार मण्यांना दिसत नाही. काही यंत्रांत तर वाहती धारच उरलेली नाही. चुंबकाने मणी एका पृष्ठावर ओढून घेतात, दिव्याच्या प्रकाशात त्यांचे छायाचित्र काढतात आणि रंग त्यावरून वाचतात. यंत्र स्वस्त होते. लेझरची देखभाल आणि धारेचे तुंबणे यांतून लहान प्रयोगशाळांची सुटका होते.

प्रतिपिंडांच्या बाबतीत मात्र तसा पर्याय नाही. कोणत्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आहेत हे रुग्णाचा डीएनए वाचून कळत नाही. ते त्याच्या किंवा तिच्या आयुष्यात काय घडले यावर ठरते, आणि बदलत राहते. प्रतीक्षायादीवरच्या रुग्णाचे सीरम त्यामुळे ठरावीक महिन्यांनी, आणि मध्ये रक्त चढवावे लागले तर त्यानंतर दोन ते चार आठवड्यांनी, पुन्हा नव्याने मण्यांमध्ये मिसळले जाते.